पिराजीअण्णांचं ताट

कॉम्प्युटरच्या पोटातून तांदूळ निघालेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. मोजून अकरा दाणे, कुंकवात माखलेले. खोटं वाटत असेल तर राजाजीनगरात आमच्या गल्लीत या आणि आसावरीला विचारा. तिचाच तो कॉम्प्युटर.

खंडेनवमीला आमच्या गावी, निपाणीच्या अलीकडे, आम्ही कोयते-खुरपी मांडून पूजा करायचो, नारळ फुटला की पोरं खोबऱ्यावर तुटून पडायची, संपलं. बेंगळुरात मात्र आयुधपूजा म्हणजे गावभरचा सोहळा. रिक्षापासून पिठाच्या गिरणीपर्यंत ज्याला चाक आहे किंवा बटण आहे ते सगळं धुऊन-पुसून, केळीचे खुंट बांधून पुजतात आणि कोहळा ओवाळून भर रस्त्यात आपटतात. सत्त्याण्णव सालची गोष्ट. आसावरी तेव्हा नुकतीच पुण्याहून आलेली. नवरा सुशांत सॉफ्टवेअर कंपनीत, सकाळी गेला की दिवेलागणीला परत. मराठी टायपिंगची कामं घरबसल्या घ्यावीत म्हणून तिने एक जुना कॉम्प्युटर घेतला होता, विंडोज पंच्याण्णववाला. शेजारच्या चंद्राबाईंनी मोठ्या प्रेमाने त्याची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, उदबत्ती आणि वरून मूठभर अक्षता. समोर फ्लॉपी घालायची जी फट असते, तिच्यातून अक्षता आत. दुसऱ्या दिवसापासून फ्लॉपी घातली की जातं फिरवल्यासारखा आवाज.

चंद्राबाईंनीच नवऱ्याला हाक मारली. "अवो, या पोरीचं मशीन कण्हाय लागलंय. बगा की जरा."

तो नवरा म्हणजे आमचे पिराजीअण्णा. मी मुलाकडे, अजितकडे राहायला आलो त्याला आता दहा वर्षं होतील. या शहरात माझी पहिली ओळख झाली ती यांच्याशी, दुधाच्या रांगेत. संकेश्वरकडचा माणूस. एकसष्ट साली इथल्या एका मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. बोटं अशी की अंधारात स्क्रू हातात दिला तरी आटे मोजून सांगतील. इंग्रजी शिक्षण असं नाही, पण ड्रॉइंगवरची मोठी अक्षरं वाचून वाचून कॅपिटल इंग्रजी पक्कं. बारक्या लिपीत लिहिलं की म्हणायचे, "हे जरा उभं करून लिव्हा."

तर अण्णा आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि पहिलं काय मागितलं असेल? पाना नव्हे, स्क्रूड्रायव्हरही नव्हे. म्हणाले, "ताट आणा."

पितळी ताट आलं. निघेल तो प्रत्येक स्क्रू त्यांनी ताटाच्या कडेने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मांडत नेला. पहिला बाराच्या जागी, दुसरा एकच्या. जोडताना शेवटचा आधी, पहिला शेवटी. मला हातात वही दिली, कारण माझं अक्षर गावच्या शाळेत गुरुजींनी छडी हातात धरून घडवलेलं. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. "बारा वाजता, मागचा वरचा उजवा. एक वाजता, त्याच्या खालचा." चिमट्याने अकरा तांदूळ बाहेर काढले, आत फुंकर मारली, जोडलं. आवाज बंद. सगळे हसले, चंद्राबाई मात्र हिरमुसल्या. "देवाचं तांदूळ हायत ते, टाकू नगा," म्हणून त्यांनी ते तुळशीत घातले.

त्या दिवसापासून या माणसाला त्या डब्याचं वेडच लागलं. लेथ मशीनला जसं शनिवारी तेलपाणी, तसं याला काहीतरी लागत असेलच ना, हा त्यांचा प्रश्न. लागतं. आसावरीनेच त्यांना दाखवलं की विंडोजमध्ये डिस्क तपासायचा एक प्रोग्राम असतो आणि विखुरलेल्या फायली एका जागी लावणाराही एक असतो. तो लावणारा प्रोग्राम चालू झाला की पडद्यावर रंगीत चौकोनांची रांगच रांग दिसते आणि एकेक चौकोन उचलून जागेवर ठेवला जातो. अण्णा स्टूल ओढून तासभर ते बघत बसायचे. मीही बसायचो. मी निपाणीला ज्या वखारीत कामाला होतो, तिथे हमाल तंबाखूचे बोद, म्हणजे गठ्ठे, थप्पीला लावायचे ना, हुबेहूब तसं. फरक इतकाच की इथे कुणी बिडीसाठी थांबत नाही.

पुढे त्यांनी अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कॉम्प्युटरची मासिकं आणायला सुरुवात केली. त्या मासिकांबरोबर एक चकती यायची आणि तिच्यावर नाना तऱ्हेचे फुकट प्रोग्राम. एक व्हायरस शोधणारा, एक रिकामी खोकी, म्हणजे रिकामे फोल्डर, आवरणारा, एक काढून टाकलेल्या प्रोग्रामांची राहिलेली मुळं उपटणारा. अण्णांना नवल याचं वाटायचं की हे कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलंय आणि देऊनही टाकलंय. एका प्रोग्रामच्या तळाशी लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, आवडला तर तुमच्या गावचं एक पोस्टकार्ड पाठवा. आसावरी हसून पुढे निघाली होती. अण्णांनी तिला थांबवलं.

"त्याचा पत्ता लिवून घ्या."

"अण्णा, असं सगळेच लिहितात. कोण पाठवतंय!"

"फुकट घ्यायचं आणि पोचबी द्यायची न्हाई?"

झालं. लालबागेच्या काचघराचं चित्र असलेलं कार्ड मी आणलं, मजकूर अण्णांनी मराठीत सांगितला, आसावरीने इंग्रजी केला, आणि कार्ड डेन्मार्कला रवाना झालं. "तुमचा प्रोग्राम आम्ही रोज वापरतो. मशीन ठीक आहे. तुम्हीही ठीक असावे." असं पुढे ज्याने ज्याने कार्ड मागितलं त्याला त्याला गेलं.

गल्लीतल्या निम्म्या घरांतले कॉम्प्युटर हळूहळू अण्णांच्या हाताखालून जाऊ लागले. कुणाचाही असो, नियम दोन. एक वही, एक ताट. आता कॉम्प्युटरच्या आत कुठलं ताट? तर ते डिस्कवर एक फोल्डर करायचे, त्याचं नाव कॅपिटलमध्ये TAAT. जे नको वाटेल ते पुसायचं नाही, उचलून ताटात ठेवायचं, वहीत क्रमांक घालून लिहायचं, आणि चाळीस दिवस मशीन कुरकुरलं नाही तरच फेकायचं. सुशांत चिडवायचा, "काका, हार्ड डिस्कला पण सुतक पाळायला लावता तुम्ही!" अण्णा म्हणायचे, "स्वल्प ताळी, साहेब, जरा दम धरा. कळंल एक दिवस."

तो दिवस आला अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याच्या तोंडावर.

आमच्या सीमाभागातल्या लोकांचं इथे एक स्नेहमंडळ आहे. त्याला पंचवीस वर्षं होत होती म्हणून स्मरणिका काढायची ठरली. मंडळाचे चिटणीस आप्पाजी, कडक माणूस, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांचं म्हणणं काम बेळगावच्या छापखान्याला द्यावं. "घरात बसून, भाजी परतत परतत पुस्तक होतंय काय?" असं ते आसावरीच्या तोंडावर म्हणाले. अण्णांनी शब्द टाकला, मीही टाकला, आणि काम आसावरीला मिळालं. पोरीने मग काय केलं, नुसते लेख टाइप नाही केले. मंडळातल्या म्हाताऱ्या बायका कशाला लेख लिहितात? तिने त्यांना घरी बोलावलं, समोर चहा ठेवला आणि त्या बोलत गेल्या तसं थेट टाइप करत गेली. कागद नाहीच. चंद्राबाई तीन दुपारी बोलल्या. काय बोलल्या ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. "छापून आलं की वाचा, पैसे पडत न्हाईत."

शहाण्णव पानं झाली. जयनगरच्या छापखान्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायची होती. न पोचली तर समारंभाला स्मरणिका नाही, आणि या शहरात मराठीचं काम आसावरीकडे पुन्हा कुणी देणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. त्यात मशीन इतकं मंदावलं की सकाळी आसावरीने बटण दाबलं आणि मी देवपूजा उरकून आलो तरी ते उठतच असायचं. शहाण्णव पानांची फाइल उघडली की फरफटायचं. अण्णा म्हणाले, "नवमीच्या आदल्या दिवशी कारखान्यात मशीन खोलून साफ व्हायचंच. मळक्या मशीनला कुंकू लावत न्हाईत. करून टाकू."

आधी त्यांनी फाइलच्या तीन प्रती तीन फ्लॉप्यांवर काढल्या. प्रत्येक उघडून आसावरीकडून एक ओळ वाचून घेतली. मग फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली. ती सरकवली की फ्लॉपी वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मगच साफसफाईला हात. चकतीवरचा एक प्रोग्राम जुन्या तारखेच्या फायली शोधून यादी द्यायचा, तो डेन्मार्कवाल्याचाच. अण्णा यादीतली नावं वाचत गेले, मी वहीत उतरवत गेलो, त्रेसष्ट फायली ताटात गेल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. घोड्यासारखं उठलं! अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कारखान्याने पुन्हा बोलावलंय.

आसावरीने फाइल उघडली.

पहिल्या पानावर मंडळाचं नाव असायला हवं होतं. तिथे इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची खूण, टोपीवाला ए, सगळं एकमेकांच्या अंगावर. दुसरं पान तसंच. शहाण्णवच्या शहाण्णव पानं तशीच. तिने फ्लॉपी घातली. फ्लॉपीतही तेच. तिन्ही फ्लॉप्यांत तेच. वरच्या चौकटीत मराठी अक्षरांचं नाव जसंच्या तसं दिसत होतं, त्यामुळे दोष मजकुरातच आहे असं तिला वाटलं.

सुशांतला फोन केला. तो दुपारीच आला, एक फ्लॉपी घेऊन ऑफिसला गेला, तिथल्या नव्या मशीनवर बघून तासाभराने परतला. "सेम गार्बेज. व्हायरस आहे, फ्लॉपीपण इन्फेक्ट झाल्या. आता फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकायचं, दुसरा ऑप्शन नाही."

"आणि पानं?" आसावरीने विचारलं.

सुशांतने फ्लॉपी टेबलावर ठेवली.

बातमी आप्पाजींपर्यंत कशी गेली कोण जाणे. ते आले ते उभेच राहिले. "मी सांगत नव्हतो? कोणी केलं हे?"

आसावरी म्हणणार होती की मशीनच बिघडलं. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण अण्णा आधी बोलले.

"मी केलं. सकाळपर्यंत मशीन बरं होतं. मधे हात फक्त माझा लागलाय."

चौतीस वर्षं मशीनशी वागलेला माणूस. आमच्या वखारीत एकदा काटा चुकला होता तर सात जणांनी सात जणांवर ढकललं होतं, आणि आठवा म्हणून मी सापडलो होतो. अण्णांना ढकलायला एक व्हायरस आयता समोर होता. सुशांतसारखा शिकलेला माणूस स्वतः म्हणत होता.

चंद्राबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीनला आंघूळ घालाय गेलासा आणि माझं अख्खं आयुष्य धुऊन काढलंसा. आता मी काय परत सांगायची न्हाई. तीन दुपारी रडलीय मी."

अण्णा स्टुलावर बसले, एक फ्लॉपी हातात घेतली आणि उलटसुलट करत राहिले. अंगठा त्या खिटीवर. समोरच्या घरी आयुधपूजेसाठी धुतलेली स्कूटर तोवर वाळली. मग ते एकदम सुशांतला म्हणाले, "साहेब, ही खिटी सरकवली असताना व्हायरस हिच्यावर लिवू शकतो?"

"नाही. फिजिकली शक्य नाही."

"आणि खिटी सरकवायच्या आधी आसावरीनं यातनं वाचलं. मराठी वाचलं. मग?"

सुशांतने डोकं खाजवलं.

"मग माल जागेवर हाय," अण्णा म्हणाले. "बघणाऱ्याचा चष्मा फुटलाय. आणि तो चष्मा मीच उचलून ताटात ठेवला असणार. रघुजी, वही काढा."

"काका, सरळ त्रेसष्टच्या त्रेसष्ट परत टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे."

"एकदम टाकलं तर चूक कुठली ते कळणार कसं? पुढच्या घरी पुन्यांदा तीच करीन."

आप्पाजींनी घड्याळाकडे पाहिलं, पण खुर्ची ओढून बसले. मी वहीतून उलट क्रमाने वाचायला लागलो. त्रेसष्ट. बासष्ट. एकसष्ट. एक फाइल ताटातून जागेवर, फाइल उघडायची, बघायचं, बंद करायची. गरज वाटली तिथे मशीनही पुन्हा चालू. आसावरीने मधे पोहे केले, आप्पाजींनी ते खाल्ले आणि तिखट कमी म्हणाले. पन्नास. पंचेचाळीस. माझा घसा बसला तेव्हा सुशांतने वही घेतली. त्याला माझी मोडीवळणाची अक्षरं वाचता येईनात, म्हणून पुन्हा मीच.

बावीस क्रमांकाची फाइल जागेवर गेली, मशीन पुन्हा चालू झालं, आसावरीने स्मरणिका उघडली, आणि पडद्यावर मराठी.

ती अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "एनायतु?" म्हणून विचारलं. काय झालं, काय झालं! अण्णांनी शांतपणे वही मागितली, बाविसावी ओळ बघितली. मराठी अक्षरांचा साचाच होता तो, फॉन्ट म्हणतात त्याला. मजकुरात नुसते अंक साठवलेले असतात, त्या अंकांना मराठी रूप हा साचा देतो. साचा नसला की मशीन त्यांना इंग्रजी रूप देऊन मोकळं होतं. सुशांतच्या ऑफिसातल्या मशीनवर मराठी साचा नव्हताच मुळी, म्हणून तिथेही तेच दिसलं.

"पण अण्णा, हा तुम्हाला नको असलेला का वाटला?" आसावरीने विचारलं.

अण्णांनी फायलीपुढची तारीख दाखवली. चौऱ्याण्णव साल. "आमच्या टूलरूममधी प्रत्येक हत्याराला चिठ्ठी असायची. शेवटचं कधी कुणी नेलं त्याची तारीख. चार वर्षं कुणी नेलं न्हाई तर ते भंगारात. मला वाटलं ही तीच तारीख."

ती तारीख फाइल घडवली त्या दिवसाची होती, वापरल्याची नव्हे. साचा रोज वापरात होता. हा घोटाळा टूलरूमच्या माणसाचाच होऊ शकतो, दुसऱ्या कुणाचा नाही. पण ताट नसतं तर साचा कायमचा गेला असता, आणि दोन तासांत सुशांतने डिस्कही कोरी केली असती, हेही तेवढंच खरं. सुशांतने ते स्वतःच कबूल केलं, फक्त इंग्रजीत केलं.

अण्णांनी माझ्याकडून वहीत लिहवून घेतलं: "क्रमांक बावीस. चूक पिराजीची. तारीख जन्माची असते, कामाची नव्हे." मग पडद्याकडे वळले. आसावरीने उघडलेलं पान नेमकं चंद्राबाईंचं होतं. चंद्राबाई पुढे झाल्या, "ते नगा वाचू," पण उशीर झाला होता. अण्णांनी उभ्यानेच वाचलं. मी शेजारीच होतो, मीही वाचलं.

चंद्राबाईंनी सांगितलं होतं की लग्न होऊन बेंगळुरात आल्या तेव्हा कन्नड येत नव्हतं, शहराची भीती वाटायची, नळावर रडायच्या. एका रविवारी नवऱ्याने घरातला स्टोव्ह पूर्ण खोलला. माहेरून आलेलं नवंकोरं पितळी ताट घेतलं आणि एकेक भाग त्यात गोल मांडला. मग म्हणाला, आता तू जोड. त्यांनी रडत रडत जोडला. पेटला. पुढे लिहिलं होतं, "तवापास्नं मला या गावाचं भ्या वाटलं न्हाई. खोललेलं सगळं परत जोडता येतंय, हे मला कळलं होतं."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. आप्पाजी खाकरले आणि म्हणाले, "आसावरी, पानं वेळेत देशील ना? सरी, ठीक आहे." आणि निघताना दारात, जरा हळू आवाजात, "पिराजी, आमच्या घरीपण एक आहे. फार हळू चालतोय."

"नवी वही घेऊन या," अण्णा म्हणाले.

स्मरणिका समारंभाला वेळेवर आली. पहिली प्रत आसावरीने अण्णांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक प्रत घेऊन माझ्याकडे हजर. एक पाकीट करा म्हणाले, डेन्मार्कचं.

"अहो, तो माणूस मराठी वाचणार कसा?"

"वाचू दे, न वाचू दे. अक्षरं तर दिसतील. त्याच्या प्रोग्रामानं आमची अक्षरं गेली न्हाईत, माझ्यामुळं गेली, आणि परत आली, एवढं त्याला कळवा. न्हाईतर कुणी त्याच्या नावानं बोटं मोडायचं."

मी त्यांच्या घरी जाऊन लिहायला बसलो. चंद्राबाई चहा घेऊन आल्या, पाकिटावरचा पत्ता बघितला, आपलं पान आत आहे हे बघितलं. मला वाटलं आता भडका.

"माझं आयुष्य परमुलखाला धाडताय. इचारलं का मला?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "धाडू नगं म्हणतीस?"

चंद्राबाईंनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "धाडा. पर भावजी, त्यात एक लिवा. ताट माझं होतं."

लिहिलं.